ओळख झाली की अढी जाते का?

उंबरठा:

आमच्या विभागात एक जण बदलून आला. तो रुजू व्हायच्या आधीच त्याच्याबद्दलचं मत येऊन पोचलं होतं: "हुशार आहे, पण शिष्ट. कुणाशी धड बोलत नाही." सांगणारा माझा जुना सहकारी, त्याच्या शब्दावर माझा भरवसा. नव्या माणसाला काम समजावून द्यायचं माझ्याकडे होतं.

मी दिलं समजावून. पण कसं, ते आठवलं की आज लाज वाटते. विचारेल तेवढंच सांगायचं, तेही मान वर न करता. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे एकत्र बसायचो, त्याला हाक मारायची नाही. हळूहळू तोही तुटक बोलायला लागला आणि मी मनात म्हटलं, बघा, म्हणत होते ते खोटं नव्हतं.

चौथ्या महिन्यात जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये हलवायचं काम निघालं आणि एका रात्रीसाठी आम्ही दोघंच मागे थांबलो. पहाटे तीनच्या सुमारास एक बेरीज जुळेना. त्यानं बॅगेतून वही काढली. मी पहिल्या दिवसापासून जे जे सांगितलं होतं, ते सगळं त्यात तारखेवार उतरवलेलं. समासात बारीक अक्षरात प्रश्न होते. काही प्रश्नांवर रेघ मारलेली आणि पुढे दोनच शब्द होते आणि एक इशारा: "आज नको. चिडतील." बेरजेचा घोळ त्या वहीमुळेच सुटला. मी मात्र समासातल्या रेघा मोजत होतो. नऊ होत्या.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. एका प्रयोगानं तर माझी झोप उडवली. १९७७ साली मार्क स्नायडर आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधिकांनी केलेला. कॉलेजमधल्या मुलांना एका अनोळखी मुलीशी फोनवर गप्पा मारायच्या होत्या. आधी प्रत्येकाला तिचा म्हणून एक फोटो दिला, काहींना देखण्या मुलीचा, काहींना साध्या चेहऱ्याच्या मुलीचा. फोटो तिचा नव्हताच, आणि असा काही फोटो दिलाय हे तिला माहीतही नव्हतं. नंतर संभाषणातला फक्त मुलीचा आवाज तिसऱ्याच लोकांना ऐकवला. ज्या मुलींना समोरच्यानं देखणं समजलं होतं, त्या ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या, जास्त मनमिळाऊ वाटल्या. म्हणजे मुलानं मनात जशी मुलगी धरली, तशी ती बोलायला लागली.

हे झालं आकर्षणाचं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७४ मध्ये, अमेरिकेतच वर्ड, झॅना आणि कूपर या तिघांनी नोकरीच्या मुलाखतींवर काम केलं होतं. गोरे मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारासमोर जरा लांब बसत, बोलताना जास्त अडखळत आणि मुलाखत लवकर आटपत. मग त्यांनी उलटं करून पाहिलं. मुलाखतकारांना शिकवून तीच थंड वागणूक गोऱ्या उमेदवारांना द्यायला लावली. तेही ढेपाळले, त्यांची उत्तरं कमी प्रतीची ठरली.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की मला माझी चार महिन्यांची खुर्ची दिसते. मान वर न करणारा मी, आणि समोर "शिष्ट" होत चाललेला तो. पुरावा मीच तयार करत होतो.

आता प्रश्न. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की दोन गटांतली माणसं एकमेकांच्या संपर्कात आली तर पूर्वग्रह कमी होतो, पण त्याला अटी आहेत: दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. माझ्या बाबतीत त्या एका रात्रीनं काम केलं. तुमचा अनुभव काय? ओळख झाली की अढी खरंच जाते?

पाणवठा:

वहीचा समास वाचून गलबलून आलं. सविस्तर लिहीन, सध्या फक्त पोच.

तिसरा मजला:

माझा अनुभव नेमका उलटा आहे, म्हणून लिहिते.

आमच्या वरच्या घरातल्यांशी आठ वर्षांची ओळख. सुरुवातीला घरोबा होता, किल्ल्या एकमेकांकडे असायच्या. मग रात्री अकरानंतर खुर्ची सरकवल्याचा आवाज सुरू झाला. लोखंडी पायांची खुर्ची असावी, कर्रर्र असा लांब आवाज आणि मग दोन लहान. पहिल्या महिन्यात मी हसून सांगितलं, तिसऱ्या महिन्यात चिठ्ठी पाठवली, सहाव्या महिन्यात जिन्यात भांडण झालं. आता मला तो आवाज यायच्या आधीच ऐकू येतो. अकरा वाजायला आले की खांदे वर चढतात. ही अढी ओळख नसल्यामुळे आली असं कसं म्हणू? ते लांब राहत असते तर अजूनही आवडते असते.

जवळ राहिल्यानं मैत्री होते यावरचा जुना अभ्यास मी वाचलाय. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी केलेला, १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी लगतच्या दारातल्यांपैकी ४१ टक्क्यांना लोकांनी जवळचे मित्र म्हणून सांगितलं. मध्ये एक दार सोडून राहणाऱ्यांत तेच २२ टक्के आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला १० टक्के. कोण कुणाचा मित्र होणार हे बऱ्याच अंशी दारांनी ठरवलं होतं. पण १९७६ मध्ये एब्सन यांच्या गटानं एका घरसंकुलात लोकांना जोडीला हेही विचारलं की तुम्हाला नावडतं कोण. आवडते जवळ राहत होतेच, नावडते तर त्याहून जवळ! माणूस चांगला की वाईट यापेक्षा तो आपल्या घरपणात काय विस्कटतो, यावर राग अवलंबून होता.

उंबरठा:

@तिसरा मजला, हे मला माहीत नव्हतं आणि पटलं. ओळख होण्याने अढी जाते असं सरसकट म्हणताच येत नाही तर.

मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी प्रयोग म्हणून भरवलेल्या मुलांच्या शिबिरातही हेच दिसलं होतं. १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथं अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले. आठवडाभर त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मग स्पर्धा लावल्या, आणि काही दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी, शिवीगाळ सुरू. आपल्याला महत्त्वाचं पुढेच आहे. भांडण मिटावं म्हणून दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. त्यानं काही सुधारलं नाही, जेवणाच्या टेबलावर अन्नाचीच फेकाफेक झाली. म्हणजे नुसता सहवास भांडणाला जागा पुरवत होता. फरक पडला तो पाण्याची टाकी बंद पडल्यावर आणि खाणं आणणारा ट्रक अडकल्यावर. (दोन्ही अडचणी संशोधकांनीच घडवलेल्या.) ट्रक ओढायला मुलांनी दोर घेतला, तो रस्सीखेचीचा होता. आधी ज्या दोरानं एकमेकांना ओढलं होतं तोच.

तुमच्या आणि वरच्या घराच्या मध्ये फक्त छत आहे. दोघांनी मिळून ओढायचं असं काहीच नाही.

तिसरा मजला:

छत आहे, हे खरं. गच्चीवरची गळती मात्र दोघांच्याही डोक्यावर आहे. तिच्यासाठी एकत्र जायचं म्हटलं तर पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर अडलंय.

कसोटीदगड:

चर्चा चांगली चालली आहे. काही गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते, कारण हे प्रयोग ज्या ठामपणे सांगितले जातात तितके ते ठाम नाहीत.

शेरीफ यांनी १९५३ मध्येही असेच एक शिबिर घेतले होते. तिथल्या मुलांमध्ये आधी मैत्री होऊ दिली होती आणि मग त्यांना गटांत वाटले. मुले एकमेकांवर उलटलीच नाहीत, उलट मोठी माणसे आपल्याला भांडायला लावत आहेत असा त्यांना संशय आला. ते शिबिर गुंडाळावे लागले. प्रसिद्ध झालेली कथा फक्त यशस्वी शिबिराची आहे. मला तरी फसलेले शिबिर अधिक आशादायक वाटते. शिवाय ओक्लाहोमातली २२ मुले मुद्दाम एकसारखी निवडलेली होती: गोरी, मध्यमवर्गीय, प्रोटेस्टंट. त्यांच्यात पिढ्यानपिढ्यांची विषमता नव्हती. ज्या दोन गटांत ती आहे, तिथे दोर हाती दिला म्हणून काम भागत नाही.

दुसरे, ऑलपोर्ट यांच्या कल्पनेची सर्वांत मोठी पडताळणी पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये केली. ५१५ अभ्यास, अडीच लाखांहून अधिक माणसे. संपर्क वाढला की पूर्वग्रह कमी, हा संबंध सापडला. चारही अटी पाळल्या नसतानाही तो दिसला, पाळल्या तिथे अधिक ठळक. पण सहसंबंधाचा आकडा (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) सुमारे ०.२१ होता. तो खरा आहे आणि बेताचा आहे, या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायला हव्यात.

तिसरे, संपर्क कोणत्या प्रकारचा यावर मॅट लो यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जरूर वाचावा. उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट स्पर्धा भरवली आणि कोण कोणत्या संघात हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. एकाच संघात इतर जातींचे खेळाडू मिळाले त्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. इतर जातींच्या मुलांशी केवळ विरुद्ध संघ म्हणून गाठ पडली, तिथे संबंध उलट घटले. मैदान तेच, खेळ तोच.

तेव्हा धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर: ओळख झाली म्हणून अढी जात नाही. एका बाजूने उभे राहून झालेल्या ओळखीने ती जाऊ शकते.

पाणवठा:

लिहिते म्हटलं होतं. मला आकर्षणाच्या बाजूनं एक सांगायचंय, कारण ते रागाच्या इतकं जवळ आहे की भीती वाटते.

झुलत्या पुलाचा प्रयोग बऱ्याच जणांना ठाऊक असेल. कॅनडात १९७४ मध्ये डटन आणि अ‍ॅरन यांनी केला. दरीवरच्या डुगडुगत्या पुलावर पुरुषांना एक तरुण संशोधिका भेटायची, प्रश्न विचारायची आणि पुढे काही विचारायचं असेल तर म्हणून फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्या भक्कम पुलावर १६ पैकी २. छाती धडधडत होती ती उंचीमुळे, पण मनानं तिचं श्रेय समोरच्या मुलीला दिलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. आकडे लहान आहेत, @कसोटीदगड, मला माहीत आहे.

पण १९८१ मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मुलांना जागच्या जागी पळायला लावलं, काहींना १५ सेकंद, काहींना २ मिनिटं. मग एका मुलीची चित्रफीत दाखवली. एकाच मुलीला एकदा सजवून आकर्षक केलं होतं, एकदा मुद्दाम अनाकर्षक. दम लागलेल्यांना आकर्षक रूप जास्त आवडलं, आणि अनाकर्षक रूप कमी आवडलं! धडधड एकच. मन आधीच जिकडे झुकलं होतं तिकडेच तिनं आणखी ढकललं. झिलमन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रागाबद्दल हेच दाखवलं होतं. आधी चिडवलेल्या माणसाला व्यायाम करायला लावला तर त्याचा उरलेला जोर चिडवणाऱ्यावर निघायचा.

उंबरठा, तुमची ती रात्र मी या नजरेनं वाचते. पहाटे तीन, थकवा, न जुळणारी बेरीज, दोघांचीही छाती धडधडतेय. वही निघाली नसती तर तुम्ही त्याच्यावरच ओरडला असतात का?

उंबरठा:

हो. वाक्य तोंडात आलं होतं. "तुला सांगितलं होतं मी" असं सुरू होणारं.

धग:

पहिल्यांदाच लिहितोय इथे. मला राग फार येतो. लहानपणापासून ऐकलंय की आत दाबून ठेवू नये, उशीवर काढावा, मोकळं व्हावं. मी खरंच करतो तसं, उशी बदडतो. पण @तिसरा मजला यांचे खांदे वर चढतात ते वाचलं आणि वाटलं, माझेही चढतात, उशी बदडल्यावर जास्तच. हे बरोबर आहे का?

कसोटीदगड:

@धग, मनापासून विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. तुम्हाला जाणवते ते बरोबर आहे. ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग पहा, ६०० विद्यार्थ्यांवर केलेला. प्रत्येकाच्या निबंधावर दुसऱ्या कुणीतरी अतिशय बोचरी शेरेबाजी केली आहे असे भासवले. मग एका गटाला गुद्दे मारायची बॅग दिली आणि शेरे मारणाऱ्याचा विचार करत मारायला सांगितले. दुसऱ्या गटाने व्यायाम म्हणून मारले. तिसरा गट दोन मिनिटे नुसता बसून राहिला. शेवटी सर्वांत जास्त चिडलेला आणि समोरच्याला कर्कश आवाजाची शिक्षा द्यायला सर्वांत उत्सुक गट पहिला होता. नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले.

राग वाफेसारखा असतो आणि झाकण उघडले की निघून जातो, ही उपमा फार जुनी आहे आणि तिने पुष्कळ नुकसान केले आहे. उशी बदडताना तुम्ही त्या माणसाला मनात पुन्हा पुन्हा आणता आणि प्रत्येक वेळी हात उगारता. तो सराव होतो. धडधड आधी उतरू द्या: थांबणे, श्वास, लक्ष दुसऱ्या कामात. मग हवे ते बोला, ठाम बोला. रोजचे जगणे अवघड होत असेल तर समुपदेशकाची मदत घ्यावी, हेही मनापासून सांगतो.

धग:

धन्यवाद. "तो सराव होतो" हे लिहून ठेवलंय.

रानवाट:

सगळा धागा वाचला. उंबरठा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. पण इथले बहुतेक प्रतिसाद अढी बाळगणाऱ्याच्या बाजूनं विचार करतायत: माझी अढी कशी जाईल, मला काय केल्यानं बरं वाटेल. वही ज्याची होती तो या धाग्यात कुठे आहे?

मी वहीवाली आहे. माझ्या बोलण्यावरून मी कुठल्या लोकांतली ते दोन वाक्यांत कळतं. प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात कुणीतरी माझ्या हेलाची नक्कल करतं, प्रेमानंच, असं म्हणतात. मग मी कमी बोलते. मग "अबोल आहे" असं ठरतं. मग वर्षभरानं ओळख होते आणि एक दिवस कुणीतरी अगदी मायेनं म्हणतं, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." ते वाक्य मी चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलंय. त्यांची माझ्याबद्दलची अढी गेली, हे खरं. माझ्या माणसांबद्दलची जिथल्या तिथे राहिली. मला फक्त वेगळं काढून अपवादाच्या कप्प्यात ठेवलं. मानसशास्त्रात याचा अभ्यास झालाय. न जुळणारं माणूस उपप्रकारात टाकलं की मूळ साचा शाबूत राहतो.

कसोटीदगड यांनी २००६ चा आकडा दिला. त्याच दोघांनी २००५ मध्ये हेही दाखवलं होतं की संपर्काचा परिणाम वरचढ गटावर जास्त होतो आणि ज्यांना खालचं मानलं जातं त्यांच्यावर कमी. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. आणि २००९ मध्ये तमार सागी आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तर माझ्या नोकरीचं वर्णनच आहे. एका गटाच्या हाती वाटपाचे अधिकार, दुसऱ्याच्या हाती काही नाही. दोघांना एकमेकांतल्या सारखेपणावर गोड गप्पा मारायला लावलं. गप्पांनंतर अधिकार नसलेल्यांना वाटलं, आता हे न्यायानं वाटतील. वाटणाऱ्यांनी मात्र स्वतःकडेच वाटा ओढला. नातं गोड झालं, वाटप तेच राहिलं.

म्हणून मला विचाराल तर त्या रात्रीनंतर तुम्हाला किती हलकं वाटलं यापेक्षा मला हे ऐकायचंय: मधल्या सुट्टीत त्याला हाक कोण मारतं? त्याच्या मूल्यमापनात त्या चार महिन्यांचं काय झालं? "शिष्ट आहे" असं सांगणाऱ्या जुन्या सहकाऱ्याला तुम्ही काय सांगितलंत?

तिसरा मजला:

@रानवाट, "प्रेमानंच" वाचून थांबले. मीही अशी नक्कल केली आहे. कुणाची ते आठवतंय.

पाणवठा:

रानवाट यांचा प्रतिसाद मूळ लेखाखाली लगेच असायला हवा होता.

एकच भर घालते. अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये शाळांत वेगवेगळ्या वंशांच्या मुलांमधला ताण बघून वर्गाची रचनाच बदलली होती. धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाकडे एकेक तुकडा दिला. ज्याला सगळे हसायचे त्या मुलाचा तुकडा ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पूर्ण होत नव्हता, म्हणून इतरांना त्याला नीट प्रश्न विचारायला शिकावं लागलं. तिथे त्या मुलाला स्वतःला सिद्ध करत बसायला लावलं नाही. बदलायचं काम वर्गाच्या रचनेवर टाकलं.

उंबरठा:

@रानवाट, तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तरं माझ्याकडे नव्हती. आज त्याला भेटून विचारलं. या धाग्याबद्दलही सांगितलं. लिहायला त्याची परवानगी आहे.

जुन्या सहकाऱ्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. तो म्हणाला, त्यानंही ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं होतं. तो स्वतः याच्याशी कधी बोललेलाच नव्हता.

मूल्यमापनाच्या तक्त्यात "संवाद कमी" असा शेरा आहे. तो मीच दिला होता. शेरा मागे घ्यायचं पत्र आज वरिष्ठांना दिलंय, कारणासकट. ते स्वीकारलं जाईल की नाही हे अजून कळलेलं नाही.

सुट्टीत हाक आता मी मारतो. पण त्यानं सांगितलं की मी रजेवर असलो की कुणीच मारत नाही.

आणि त्यानं स्वतःहून एक गोष्ट सांगितली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यानं बदलीचा अर्ज लिहिला होता. त्याच वहीत, मागच्या पानावर. दिला का नाहीस, असं मी विचारलं. म्हणाला, द्यायला निघालो होतो, तेवढ्यात रात्री थांबायच्या यादीत नाव लागलं.

ती यादी मी केली नव्हती. आडनावांच्या क्रमानं लागली होती.